बेळगाव भागातल्या नद्यांतून मालवाहतूक सुरू होईल का? त्यासाठी मागणी करून काही उपयोग आहे का?

मागणी जरूर करा, पण बार्जची, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या सपाट बोटीची नको. मी कृष्णाकाठचा, कागवाड भागातला. आमच्या घरात नाव चालायची, म्हणून लिहायला बसलो.

२०१६ च्या कायद्यातल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांत घटप्रभा, मलप्रभा आहेत. कृष्णेचा मार्ग मात्र खालून येऊन बागलकोट जिल्ह्यात गलगलीलाच संपतो. तरी आमचे दाजी दर लग्नाकार्यात सांगणार, उगारच्या कारखान्याची साखर बोटीनं आंध्रात जाणार. कशी जाणार? वाटेत हिप्परगीचा बंधारा, अलमट्टी नि नारायणपूरची धरणं आडवी आहेत. उन्हाळ्यात तर कोयनेतनं पाणी सोडा म्हणून कर्नाटकाला महाराष्ट्राकडं मागणी करावी लागते.

आमचं निम्मं रान पलीकडं, शिरोळ तालुक्यात. गोठाही तिकडंच. सकाळचं दूध नावेनं अलीकडं यायचं. एका मे महिन्यात पाणी एवढं उतरलं की नाव काठापासून लांबच गाळात बसली. आई, चुलती ओचे खोचून उतरल्या. वडील पुढं बांबू खुपसून तळ कुठं लागतो ते बघत होते, मागं आम्ही दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन. चुलतीचा पाय मांडीपर्यंत गेला नि कॅन आडवा झाला. आम्ही काठावर पोचेतोवर दूध संकलनाची गाडी गेलेली. राहिलेलं दूधही उन्हानं नासलं.

पुढं वडील एका कार्यालयात नाव लावायच्या धक्क्यासाठी निवेदन घेऊन गेले, कन्नडमध्ये लिहून घेतलेलं. साहेब म्हणाले, "पूल मागा की, धक्का कसला मागताय?" सोबत आलेल्या दाजींनी मान डोलावली. वडिलांना ते फार लागलं. पूल हवाच, कोण नको म्हणतंय? पण तो होईतोवर माणसानं रानात जायचं कसं, याचं उत्तर दाजींनी आजवर दिलेलं नाही.

म्हणून मागायचं ते हे: दोन्ही काठांना पाणी चढलं-उतरलं तरी चालेल असा उतरता काँक्रीटचा धक्का, दरवर्षी गाळ काढून मोकळी केलेली वाट आणि यांत्रिक बोट, लाइफ जॅकेटसकट. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. सीमाभागाला याहून कामाचं कलम नाही. निवेदनात ते पहिल्यांदा घाला. दोन्ही तीरांच्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडा. नुसता कर्नाटकाकडचा कागद अर्धाच पडतो, कारण वरचं पाणी महाराष्ट्राच्या हातात.

घटप्रभेवर गोकाकला ५२ मीटरचा धबधबा आहे, त्यामुळं वरच्या हिडकल धरणापासून सलग जलमार्गाचं कुणी बोललं तर तिथंच थांबवा. आणि नदी पात्राबाहेर गेली की प्रवासी नाव बंदच ठेवायची. २०१९ चा पूर बघितलेल्या माणसानं त्यावर वाद घालू नये, दाजींनीसुद्धा.