तापवली आणि दुधाळ झाली

प्रश्न : श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते, त्या मुलीच्या नववीच्या प्रयोगासाठी पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरची निवळी गाळून घेतली. अजून कडक व्हावी म्हणून गॅसवर ठेवली, तर नळीने फुंकण्याआधीच दुधाळ! चुन्यात भेसळ असेल का?
– एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : पानवाल्यावर आळ घेऊ नका. हीच चूक मी वाशीच्या एका शाळेत भर वर्गात केली आहे. तास संपत आला होता, घाईत निवळी तापवली, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुम्ही आधीच फुंकलंत का?"

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून सगळंच तसं वागेल असं आपण धरून चालतो. मीठसुद्धा तसं वागत नाही. 100 मिलि थंड पाण्यात सुमारे 36 ग्रॅम, उकळत्यात जेमतेम 39. चुना तर उलट्याच चालीचा. लिटरभर पाण्यात 20 अंशांना तो साधारण 1.7 ग्रॅम विरघळतो, 100 अंशांना पाऊण ग्रॅमही नाही. उरलेला बाहेर पडतो, तोच तुम्हाला दिसला.

कारण असं, की हा चुना विरघळताना थोडी उष्णता बाहेर टाकतो. बाहेरून आणखी उष्णता दिली की क्रिया उलट दिशेला सरकते. (कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर खदखदतो ते वेगळं. तिथे विरघळणं नव्हे, चुना विरणं, म्हणजे पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया, चाललेलं असतं. पानाचा चुना आधीच विरलेला असतो.)

तरी खात्री करायची तर ते पाणी बाटलीत गळ्यापर्यंत भरा, घट्ट बूच लावा, थंड होऊ द्या आणि अधूनमधून हलवा. सावकाश निवळलं तर तो चुनाच होता. तसंच राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, झालाय. तो थंड करून जात नाही. घाई मात्र नको, रात्रभर वाट पाहा.

पुढच्या वेळी फ्रिजमधलं पाणी घ्या, गॅसच्या वाटेला जाऊ नका. मुलीला सांगा, नळीतून फुंकायचं, ओढायचं नाही. निवळी दिसते पाण्यासारखी, पण तोंडात किंवा डोळ्यांत गेली तर चांगलीच झोंबते.