४,२०० रुपयांसाठी अख्खं खातं फ्रीज?

प्रश्न : नाशिकच्या भांडी बाजारात माझं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं लहानसं दुकान आहे. रामकुंडावर आलेल्या एका परराज्यातल्या गिऱ्हाइकाने घागर आणि समई घेतली, क्यूआर कोडवर ४,२०० रुपये भरले. तीन आठवड्यांनी माझं खातं फ्रीज झालं, आत १ लाख ८६ हजार अडकलेत. बँक म्हणते, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी सांगितलंय, तिकडे जा. तिकडे फोन कोणी उचलत नाही. पक्कं बिल मी दिलं नव्हतं. माझ्यावर गुन्हा लागेल का? आणि क्यूआर कोड काढून टाकू का?

उत्तर : ताई, गुन्ह्याची भीती आधी बाजूला ठेवा. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. तो लागायला पैसा चोरीचा आहे हे तुम्हाला ठाऊक असावं लागतं, किंवा तसा संशय यायला सबळ कारण असावं लागतं. घागर विकणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाच्या पैशाचा उगम शोधत बसावं, असं कुठलाच कायदा म्हणत नाही.

झालंय असं असणार : कुणीतरी फसवला गेला, त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती साखळी शोधताना तुमचं दुकान शेवटच्या कडीला लागलं. साखळी जितकी लांब, तितका शेवटचा माणूस निर्दोष असण्याचा संभव जास्त, पण खातं मात्र त्याचंही तितक्याच तत्परतेने बंद होतं. मोठ्या व्यापाऱ्याकडे चार खाती आणि वकील असतो; तुमच्याकडे एकच खातं आणि दारात उभा असलेला ठोक व्यापारी. मला ही उघड विषमता वाटते.

पोलिसांना अधिकार आहे, हे मात्र मान्य करायला हवं. बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच, तेही महाराष्ट्राच्याच प्रकरणात, ठरवलं. आज तो अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली येतो. त्याच कलमात जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना लगेच द्यायची सक्ती आहे. खबर उशिरा दिली एवढ्यावरून जप्ती रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय, तेव्हा त्या एका मुद्द्यावर विसंबू नका.

तुमचा खरा मुद्दा रकमेचा आहे. वाद ४,२०० चा, मग १ लाख ८६ हजार कशासाठी? दिल्लीत एका छोले-भटुरेवाल्याच्या खात्यात असेच १०५ रुपये आले आणि अख्खं खातं बंद झालं. तिथल्या उच्च न्यायालयाने खातं खुलं करायला लावलं, फक्त १०५ रुपये अडकवून ठेवायला सांगितले. केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये फ्रीज वादातल्या रकमेपुरताच ठेवण्याची भूमिका घेतली. हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण वजनदार आहेत. म्हणून ‘खातं सोडा’ असा मोघम अर्ज करू नका. ‘४,२०० होल्डवर ठेवा, बाकी मोकळं करा’ असं लिहा. अशा अर्जाला नाही म्हणणं तपास अधिकाऱ्याला जड जातं.

आधी बँकेकडून लेखी घ्या : कोणतं पोलीस ठाणं, तक्रारीचा क्रमांक, वादातली रक्कम. तोंडी उत्तर घेऊन काउंटरवरून हलू नका. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पण ती बँकेच्या टाळाटाळीबद्दल. पोलिसांचा आदेश लोकपाल उठवत नाही. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा. पक्कं बिल नाही म्हणून हातपाय गाळू नका. व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, त्या दिवसाची विक्रीची वही, ठोक व्यापाऱ्याकडून माल घेतल्याच्या पावत्या, दुकानाचा परवाना आणि कॅमेऱ्याचं चित्रण जोडा. चित्रण आजच उतरवून घ्या, बहुतेक यंत्रं जुनं आपोआप पुसतात.

अर्जाला उत्तर आलं नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ते न्यायालय परराज्यात असेल आणि जाणं झेपत नसेल, तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार करा. खातं नाशिकचं आहे, नुकसान इथेच होतंय. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे कितीतरी बायकांना माहीतच नसतं.

एक धोका मात्र आहे. ‘साहेब बोलतोय, अमुक नंबरवर पैसे टाका, खातं खुलं करतो’ असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. वादातली रक्कम कुणाला परत द्यायची हे फोनवरचा माणूस ठरवत नाही.

क्यूआर कोड काढून टाकू का, असंही तुम्ही विचारलंय. सिंहस्थ तोंडावर असताना तसं करणं म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवणं. कोड राहू द्या, फक्त तो धंद्याच्या वेगळ्या खात्याला जोडा आणि घरखर्चाचे पैसे त्यात ठेवू नका. आणि ताई, बिलबुक आजच छापायला टाका.