धूर खाली का उतरत नाही?

प्रश्न : वास्तुशांतीला मैत्रिणीने चिनी मातीचं शोभेचं धूपपात्र दिलं. डोंगराचा आकार, त्यावर एकाखाली एक छोटी कुंडं. वर धूपाचा कोन ठेवला की धूर पाण्यासारखा खाली वाहतो, असं खोक्यावर चित्र आहे. आमच्याकडे मात्र तो बहुतेक वेळा सरळ वर जातो. जमलं तेव्हा खालच्या कुंडात तपकिरी चिकट तेल साचलं आणि टीपॉयवर डाग पडला. सासूबाईंना दमा आहे, त्या दिवसभर हॉलमध्येच असतात. हे वापरावं की नुसतं शोकेसमध्ये ठेवावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सासूबाई घरात असताना हे पेटवू नका. असं का म्हणते, ते धूर खाली कसा येतो हे समजलं की आपोआप लक्षात येईल.

धूर म्हणजे अतिशय बारीक कण आणि तेलाचे सूक्ष्म थेंब. तो वर जातो तो सोबतच्या गरम हवेमुळे. आपल्या धुपाटण्यात निखारा उघडा असतो, म्हणून ऊद-गुग्गुळाचा धूर थेट आढ्याला लागतो. तुमच्या पात्रासाठीच्या कोनाला मात्र बुडापासून जवळजवळ टोकापर्यंत आतून पोकळ नळी असते. जळतं टोक त्या पोकळीपर्यंत पोचलं की धूर आत शिरतो आणि पात्रातल्या अरुंद वाटेने जाताना थंड मातीला आपली उष्णता देऊन टाकतो. बाहेर पडेपर्यंत तो खोलीतल्या हवेपेक्षा जड झालेला असतो, म्हणून वाहतो. रसायनशास्त्र शिकवत असताना घनतेच्या धड्याला हे पात्र हाताशी असतं तर किती बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

आता तुमचा कोन उलटा करून बघा. बुडाला भोक नसेल तर तो साधा कोन आहे, त्याचा धूर वरच जाणार. दुकानात ‘बॅकफ्लो’ म्हणूनच मागा. टोक पेटवून ज्योत धरू द्या, टोक लाल झालं की फुंकून विझवा आणि कोनाचं भोक पात्राच्या भोकावर नेमकं येईल असं बसवा. किंचित सरकलं तरी धूर फटीतून निसटतो. पहिली एक-दोन मिनिटं धूर वर जातोच, निखारा पोकळीपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो, तेव्हा लगेच हात लावू नका. पंखा आणि एसी बंद हवा. स्वयंपाकघराचं दार कुणी उघडलं तरी ती पांढरी धार थरथरते, तुटते आणि क्षणभराने पुन्हा जुळते. मागे गडद भिंत आणि बाजूने दिवा असेल तर हे अगदी स्पष्ट दिसतं, आणि खरंच सुंदर दिसतं.

पण ज्या कोंडलेल्या हवेत हा देखावा साधतो, त्याच हवेत धूर साचतो, आणि तोही बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्वासातल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम सांगितली. भारताची मर्यादा ६० आहे. बंद खोलीतल्या धूपाने हवेतले हे कण कितीतरी पटींनी वाढतात. पाकिटावर ‘नैसर्गिक’ लिहिलं म्हणून फरक पडत नाही. चंदनाचा असो की शेणाचा, धूर तो धूरच. दम्याच्या माणसाला, तान्ह्या बाळाला, पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तो नकोच.

सासूबाई चार दिवस गावी गेल्या तर एक कोन लावा, बघा, आणि विझल्यावर सगळ्या खिडक्या उघडून पंखा लावा. धूर पडद्यांत आणि गाद्यांतही मुरतो, त्यामुळे हे त्या परत यायच्या आदल्या दिवशी नको. एरवी संध्याकाळी देवापाशी निरांजन आणि ताटलीत मूठभर मोगरा पुरे. मैत्रिणीचं पात्र शोकेसमध्येही शोभेल. यांतली बरीच चीनहून येतात. तिथल्या फुजियान प्रांतातलं देहुआ पांढऱ्या चिनी मातीच्या कामासाठी शतकानुशतकं नावाजलेलं आहे. वस्तू म्हणूनही ती जपण्यासारखी असते.

ते तपकिरी तेल म्हणजे थंड होऊन जमलेला धूरच. पात्र पूर्ण निवल्यावर गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि चमचाभर खायचा सोडा घालून भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. भोकातून जाड सुती दोरा ओढून घ्या. गरम पात्र गार पाण्यात घालू नका, तडा जाईल. हट्टी डागाला कापसावर स्पिरिट चालेल, पण ते पेट घेतं, म्हणून पात्र कोरडं झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. आणि खाली कायम स्टीलची ताटली ठेवा.

प्रश्न : साध्या कोनाला दाभणाने भोक पाडलं तर चालेल का? शिवाय पावसाळ्यात आमचे कोन मध्येच विझतात. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : वाळलेला कोन दाभणाने बहुधा फुटतोच. भोक आरपार टोकापर्यंत गेलं तर धूर वरूनच निघतो. विकतचे घ्या. विझतात ते ओल धरल्याने. पाकीट फोडल्याबरोबर कोन घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सादळलेच तर पंख्याखाली कागदावर पसरून ठेवा. कडक उन्हात टाकलेत तर सुगंध उडून जाईल.