न बोलणाऱ्या बाळाचे मन कसे अभ्यासतात?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी मानसशास्त्र शिकत आहे. माझ्या आठ महिन्यांच्या नातीच्या आणि किशोरवयीन नातवाच्या मनाचा अभ्यास एकाच पद्धतीने होऊ शकतो का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही, वयानुसार पद्धत बदलते आणि पद्धतीनुसार कधी निष्कर्षही बदलतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे निरीक्षण करून असे मांडले की, दुपट्याखाली लपवलेले खेळणे बाळ साधारण आठ महिन्यांनंतरच शोधू लागते, कारण नजरेआड गेलेली वस्तूही असतेच, ही जाण त्याला तोवर आलेली नसते. परंतु दुपटे बाजूला सारणे हेही एक कौशल्यच असल्यामुळे, १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रेने बायार्जाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ पाहण्याचा वेळ मोजला, तेव्हा पाच महिन्यांची बाळेही अशक्य दृश्याकडे, म्हणजे मागे लपलेल्या वस्तूतून पडदा जणू आरपार जातो अशा दृश्याकडे, अधिक वेळ पाहताना आढळली; जणू लपलेली वस्तू तिथे आहे, हे त्यांना ठाऊक होते. या पाहण्याचा अर्थ काय लावावा, हा वाद अजून मिटलेला नाही.

नातवाला मात्र थेट विचारता येते. केवळ त्या दोघांची तुलना करून वाढीचा क्रम ठरवू नका, कारण वयाच्या फरकात पिढीचा आणि स्वभावाचा फरकही मिसळलेला असतो. त्यापेक्षा नातीच्याच नोंदी तारखेसह वर्षानुवर्षे ठेवा.