डिजिटल गोष्ट: आधी संहिता, मग पडदा
वर्गात डिजिटल गोष्टीचा, म्हणजे मुलांनी स्वतः लिहिलेली गोष्ट त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून तिला चित्रे व संगीत जोडण्याचा, उपक्रम प्रथमच घेणार असाल, तर सुरुवातीच्या तासांना संगणक बंदच ठेवा. मुलांना चित्रे आणि संगीत निवडण्याची घाई असते, पण वाचन-लेखनाची खरी कमाई संहितेच्या, म्हणजे गोष्टीच्या लिखित मजकुराच्या, मसुद्यांत होते. दोन-तीन मिनिटांच्या गोष्टीला साधारण २५० ते ३०० शब्द पुरतात, आणि ही मर्यादा काटेकोरपणे पाळायला लावली की काय ठेवायचे व काय गाळायचे याचा विचार मुलांना करावाच लागतो. स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकताना अडखळलेले वाक्य किंवा चुकलेला विराम त्यांना खटकतो आणि ती न सांगता संहितेकडे वळतात; माझ्या मते संपूर्ण उपक्रमात याहून मोलाचे काही नाही. चित्रे शक्यतो मुलांनीच काढावीत, म्हणजे स्वामित्वहक्काचा प्रश्नही उरत नाही. गुण देताना मात्र पडद्यावरच्या झगमगाटापेक्षा मसुद्यागणिक झालेली सुधारणा तपासा.