मिसिसिपीवरचं शुल्क वाढलं तर धान्य वाट बदलेल का?

प्रश्न असा आहे की अमेरिकेने नदीवाहतुकीवरचं शुल्क वाढवलं, तर मका-सोयाबीन मिसिसिपीच्या मुखाजवळचं न्यू ऑर्लिन्स बंदर सोडून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पोर्टलंड-टॅकोमाकडे वळेल का. माझ्या मते शुल्क किती यापेक्षा ते कशावर बसतं, ते आधी बघा.

सध्या बार्जवाले (बार्ज म्हणजे नदीतून माल नेणारी सपाट तळाची बोट) डिझेलच्या दर गॅलनमागे 29 सेंट भरतात; 2015 च्या आधी 20 होते. एका गॅलनमध्ये एक टन माल ढोबळमानाने 500-600 मैल जातो. सेंट पॉल ते न्यू ऑर्लिन्स साधारण 1700 मैल, म्हणजे टनामागे तीनेक गॅलन. कर झाला एका डॉलरच्या आत, बुशेलमागे (धान्य मोजायचं अमेरिकी माप) तीनेक सेंट. ऑक्टोबर 2022 मध्ये नदीचं पाणी आटलं तेव्हा सेंट लुईसहून बार्जचं भाडंच टनाला 100 डॉलरवर गेलं होतं! एवढ्याशा कराने कुणी वाट बदलत नाही.

लॉकमागे (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारा दारांचा कप्पा) शुल्क घेतलं की सगळं फिरतं. 2008 मध्ये बुश सरकारने तसं सुचवलं होतं, अमेरिकी काँग्रेसने होऊ दिलं नाही. सेंट पॉल ते सेंट लुईस दोन डझनांहून जास्त लॉक आहेत. तिथून खाली समुद्रापर्यंत एकही नाही. शिवाय वरचे बहुतेक लॉक 600 फुटांचे. पंधरा बार्जचा टो (एकत्र बांधून टोबोटीने ढकलत नेलेला बार्जचा ताफा) त्यात एका वेळी मावत नाही. आधी नऊ बार्ज सोडवून पुढे काढायचे, मग उरलेले सहा टोबोटीसकट, आणि पलीकडे पुन्हा तारा आवळून सगळे जोडायचे. दीड-दोन तास तिथेच जातात. जो आधीच सगळ्यात जास्त खोळंबतो, त्याच्याच माथी हे शुल्क बसणार.

आणि ते भरणार शेवटी शेतकरीच. गल्फचा, म्हणजे मेक्सिकोच्या आखातावरच्या न्यू ऑर्लिन्सकडच्या बंदरांचा, भाव जगाचा बाजार ठरवतो. नदीकाठचं एलेव्हेटर (धान्य विकत घेऊन साठवणारं कोठार) त्यातून भाडं वजा करून शेतकऱ्याला पैसे देतं. मिनेसोटा-डाकोटातलं धान्य रेल्वेने पॅसिफिकला जाऊ शकतं, तेवढं आधी सरकेल. पण नदीची स्पर्धा ढिली पडली की रेल्वेही दर चढवते, त्यामुळे वाट बदलणाऱ्यालाही सुटका नाही. मला खरी काळजी याचीच वाटते.

बंदर-देखभाल कराचा मुद्दा मात्र इथे आणू नका. 1998 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्यातीवरून काढला, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या धान्याला तो लागतच नाही. आणि लॉक-शुल्क आलं तरी सेंट लुईसच्या खालचं धान्य गल्फलाच जाणार.