विकिपीडियावरचा बनावट लेख ओळखायचा आणि काढायचा कसा?

गावाच्या इतिहासावरचा लेख बनावट वाटला तर काय करायचं, हा तुमचा प्रश्न. आधी संदर्भ तपासा.

आपल्या गोव्यातल्या डिचोलीचंच पाहा. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'डिचोली संघर्ष' नावाचा लेख आला. १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्यात युद्ध झालं म्हणे. भाषा सफाईदार, तळटीपा भरपूर. 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने त्यातली पुस्तकं शोधली, तर ती अस्तित्वातच नव्हती! खरं तर सालातच खोट होती. १६४० मध्ये शिवाजी महाराज लहान होते, मग मराठा साम्राज्य आलं कुठून? डिचोली तालुक्यातल्या नार्वेच्या सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला तो १६६८ मध्ये. गोव्याच्या माणसाने हे वाचलं असतं तर पाच वर्षं लागली नसती, म्हणून आपण वाचायलाच हवं.

पुस्तकाचं नाव आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ग्रंथालयांच्या सूचीत शोधा, नाहीतर पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. तोच मजकूर नेटवर दहा ठिकाणी दिसला तरी तो पुरावा नव्हे. बहुतेकांनी विकिपीडियावरूनच उचललेला असतो. पानाचा 'इतिहास' उघडून सगळं एकाच खात्याने लिहिलंय का, तेही बघा.

खात्री पटली की पान कोरं करू नका. चर्चा पानावर पुरावे मांडा आणि पान काढण्याचा साचा, म्हणजे तशी विनंती करणारी तयार सूचना, पानावर लावा. पान वगळण्याचा अधिकार प्रचालकांकडे, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांकडे असतो. एखादंच वाक्य खोटं असेल तर ते बेलाशक काढा, फक्त संपादन सारांशात कारण लिहा.